आपला नंबर

खेड शिवापूरच्या अलीकडे एका पंपावर डिझेल भरायला थांबले होते. साडेपाचची वेळ, उतरतं ऊन, आणि पंपावरचा पोरगा न सांगताच ओला फडका घेऊन समोरची काच पुसायला लागलेला. गाडी एवढी उंच की त्याचा हात वरपर्यंत पोचेना, म्हणून एक पाय चाकावर देऊन, बॉनेटवर रेलून तो पुसत होता. त्याच्या उजव्या हाताला, म्हणजे माझ्या डावीकडे, वरच्या कोपऱ्यात फडका अडला. त्यानं पुसलं, पुन्हा पुसलं, तोंडाची वाफ सोडली, नखानं खरवडून पाहिलं. मग काचेवर टकटक करून म्हणाला, "ताई, हे जात न्हाई." मी वाकून बघितलं. तिरप्या उन्हात काचेवर एक चौकोन उमटला होता. चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचा डिंक, त्यावर बसलेली धूळ, आणि मधली काच इतर काचेपेक्षा उगीच जरा स्वच्छ. पोरानं परत एकदा नख लावलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं. "आतनं हाय ओ. तुमालाच काढाय लागंल."

त्याला वीस रुपये दिले आणि साताऱ्याच्या दिशेनं निघाले. पण कापूरहोळ येईपर्यंत नजर सारखी त्या कोपऱ्याकडे.

चौकोन मला नवा नव्हता. गाडी घरी आली त्या दिवसापासून तो तिथं आहे, फक्त रोज दिसत नाही. ढगाळ हवेत नाही, रात्री नाही, दुपारी बाराच्या उन्हात नाही. सूर्य खाली आला आणि समोरून आला की मात्र दिसतो. त्या जागी एक कागद होता. अर्धा ए-फोर, त्यावर जाड मार्करनं लिहिलेलं एक नाव, खाली व्हेरिएंट, रंग, आणि दोनदा अधोरेखित केलेला शब्द : होल्ड. डीलरच्या स्टॉकयार्डात गाडी तपासायला गेले होते तेव्हा सेल्सच्या पोरानं माझ्या देखतच तो कागद ओढून काढला, चुरगाळला आणि पँटच्या खिशात कोंबला.

कागदावरचं नाव माझं नव्हतं.

सुरुवात झाली ती सात माणसं एका गाडीत बसवण्यापासून. 2021 च्या जानेवारीत, लॉकडाऊन उठून देवळं उघडल्यावर, आम्ही कुलस्वामिनीला तुळजापूरला गेलो होतो, दोन गाड्यांतून. आमच्या जुन्या हॅचबॅकमध्ये मी, नवरा, मुलगी, सासूबाई. मागच्या भाड्याच्या गाडीत माझे वडील अप्पा, आत्या आणि माझा मुलगा. भिगवणला चहाला भेटायचं ठरलं आणि तिथूनच चुकामूक झाली. ते टेंभुर्णीजवळ पंक्चर होऊन उभे, आम्ही मोहोळच्या पुढे, फोनला रेंज नाही. देवीपुढे आम्ही दोन हप्त्यांत पोचलो. अप्पा काही बोलले नाहीत, पण परतताना आत्या म्हणाली, "एकाच घरातली माणसं अन् दोन वेळा ओटी." ते मला लागलं. पुण्याला पोचेपर्यंत माझं ठरलं होतं की आता मोठी गाडी. तीन रांगांची, सात जणांची, डिझेल, ऑटोमॅटिक.

कोणती घेतली ते लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा पहिल्यांदा मायलेज विचारतो आणि मग मूळ विषय राहून जातो. एवढं सांगते की तीन महिने आम्ही शोरूम पालथी घातली. गाडी मी चालवणार होते, पैसे बहुतांशी माझे होते, हे आल्या आल्या सांगूनसुद्धा टॉर्क आणि ग्राउंड क्लिअरन्स नवऱ्याला समजावून सांगितले जायचे, आणि माझ्याकडे वळून "मॅडम, व्हॅनिटी मिररला लाइट पण आहे." नवऱ्याला गाड्यांतलं काही कळत नाही; तो बिचारा माझ्याकडे बघून मान डोलवायचा. खरी परीक्षा घेतली ती आत्यानं. तिला मुद्दाम नेलं होतं, कारण तिसऱ्या रांगेचा उमेदवार तीच. चौऱ्याहत्तर वय, गुडघे गेलेले, अंगानं भरलेली. पायरीवर पाय ठेवून, मधली सीट पाडून, साडी सावरत ती आत शिरली आणि बसली. गुडघे जवळजवळ हनुवटीला. सेल्सच्या मुलानं विचारलं, "कसं वाटतंय आजी?" ती म्हणाली, "मी काय अशी उकिडवी बसून तुळजापूरला जाऊ?" मग मधल्या रांगेत बेंच सीटऐवजी दोन सुट्या कॅप्टन सीट असलेलं मॉडेल दाखवलं. तेही तिला पटेना. "मोठी गाडी म्हणता अन् मधी दोनच माणसं? मग मोठी कशाला?" या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या शोरूममध्ये कुणाकडे नव्हतं. अजूनही मला ते सापडलेलं नाही. शेवटी जिथं मधली रांग पुढं सरकवता येते अशी गाडी ठरली, म्हणजे मधल्यांनी जरा सोसायचं आणि मागच्यांनी जरा सोसायचं.

किमतीचा कागद हातात आला तेव्हा कळलं की गाडीबरोबर आपण सरकारलाही एक गाडी घेऊन देतोय. एवढ्या लांबीच्या आणि एवढ्या इंजिनच्या एसयूव्हीवर तेव्हा 28 टक्के जीएसटी आणि वर 22 टक्के सेस. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, 20 लाखांपुढच्या डिझेल गाडीला 15 टक्के. एका घरातल्या माणसांनी एकत्र फिरावं हे सरकारला फारसं पसंत नसावं. मग पार्किंग. सोसायटीच्या मंजूर नकाशात आमची जागा पाच मीटर बाय अडीच मीटर. प्रत्यक्षात एका बाजूला खांब आणि मागे ड्रेनेजचा पाइप. मी टेप घेऊन खाली गेले आणि गाडीची लांबी-रुंदी खडूनं फरशीवर आखली. दार उघडायला डाव्या बाजूला जेमतेम दीड वीत उरत होती. वॉचमन काका बराच वेळ बघत उभे होते. "बसंल," ते म्हणाले, "पन तुम्ही बारीक र्‍हायलं पायजे."

2021 च्या दसऱ्याला, 15 ऑक्टोबरला, बुकिंग केलं. पावती मिळाली, पेढा मिळाला. डिलिव्हरी? "गुढीपाडव्याला नक्की, मॅडम."

त्याच्या आठवडाभर आधीच, घटस्थापनेला, महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 चं बुकिंग उघडलं होतं आणि 57 मिनिटांत 25 हजार गाड्या नोंदवल्या गेल्या होत्या. आमची ती नव्हे, पण ती बातमी वाचून आमच्या घरात जी घाई सुटली तिचा आमच्या दसऱ्याशी नक्की संबंध होता. रांग दिसली की आपल्या हाडात काहीतरी हलतं. पुढे रांगेच्या टोकाला काय मिळणार याची चौकशी आपण रांगेत उभं राहिल्यावर करतो.

मग चिपांचा तुटवडा म्हणजे काय ते घरात बसून शिकलो. 2020 साली लॉकडाऊनमध्ये गाड्या खपेनात म्हणून कंपन्यांनी चिपच्या, म्हणजे गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स चालवणाऱ्या बारक्या तुकड्यांच्या, ऑर्डरी मागे घेतल्या. त्याच वेळी सगळं जग घरी बसून लॅपटॉप आणि मोबाइल घेत सुटलं होतं, तेव्हा चिपवाल्यांनी ती जागा त्यांना दिली. गाड्यांची मागणी परत आली तोवर रांगेतली आपली जागा गेली होती. हे इतकं सरळ आहे की एसटी स्टँडवर रुमाल टाकून जागा धरलेल्या कुणालाही कळावं. पण त्यानंतर जे झालं ते एखाद्या घरावर साडेसाती यावी तसं. 2021 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टेक्सासमध्ये बर्फ पडून वीज गेली आणि तिथले चिपचे कारखाने बंद पडले. मार्चमध्ये जपानमध्ये रेनेसास या चिप कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. आणि तैवान, जिथं जगातल्या बऱ्याच चिपा बनतात, तिथं आदल्या वर्षी एकही वादळ जमिनीवर आलं नाही म्हणून धरणं आटलेली. चिप धुवायला लागतं अत्यंत शुद्ध पाणी, आणि तेही अफाट. टीएसएमसीसारख्या बड्या चिप कंपनीनं टँकर लावले. हे मी जेवताना वाचून दाखवलं तेव्हा आत्या खूश झाली. तिचं सगळं आयुष्य माणदेशात, दहिवडीकडे गेलेलं. टँकरच्या मागं हंडा घेऊन पळण्यात तिची गुडघ्यांची वाटी झिजली. "म्हणजे त्यांचंबी टँकरवर हाय म्हन की," ती म्हणाली. तेव्हापासून आमच्या घरात तैवानचा पाऊस हा चर्चेचा विषय झाला. फोन केला की ती आधी विचारायची, "तिकडं पडला का?"

एक गोष्ट मात्र मी तिला वाचून दाखवली नाही. चिप बनली तरी ती कवचात बसवून, तपासून घ्यावी लागते, आणि त्या कामाचा जगातला सुमारे 13 टक्के हिस्सा मलेशियात होतो. 2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथं करोनाची लाट होती. मुआर नावाच्या गावातल्या एका कारखान्यात कामगार आजारी पडले, काही दगावले, कारखाना थांबला आणि जर्मनीपासून जपानपर्यंतच्या असेंब्ली लाइन थांबल्या. मी ते वाचलं तेव्हा माझं बुकिंग दोन महिन्यांचं होतं आणि मी गाडीच्या आतले शोभेचे अॅम्बियंट लाइट किती रंगांचे असतात हे बघत होते. लॅपटॉप मिटला, पाणी प्यायले, पुन्हा उघडला. रंग चौसष्ट होते.

या सगळ्याचा आमच्या गाडीवर परिणाम असा, की सगळ्यांत वरचं मॉडेल, ज्यात कॅमेरे, रडार, उघडणारं छप्पर, थंड होणाऱ्या सीट, त्याला सगळ्यांत जास्त चिपा, म्हणून त्यालाच सगळ्यांत लांब रांग. साधं, खालचं, कापडी सीटचं पेट्रोल मॉडेल चार महिन्यांत मिळत होतं. नवऱ्यानं एकदा हळूच सुचवून पाहिलं. मी म्हटलं, आता एवढे थांबलोय तर. हे वाक्य मी चौथ्या महिन्यात म्हटलं, आठव्यात म्हटलं आणि अकराव्यातही म्हटलं, आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा जास्त खरं वाटलं. अमेरिकेत जनरल मोटर्सनं तर आपल्या थोरल्या एसयूव्हींमधून, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय काढून टाकली आणि गाड्या तशाच विकल्या. टोयोटानं जपानमध्ये दोन स्मार्ट किल्ल्यांऐवजी एक स्मार्ट आणि एक साधी किल्ली द्यायचं जाहीर केलं. लोकांनी तशाही घेतल्या. मी त्यांना नावं ठेवायची आणि स्वतः चौदा महिने थांबायची, यात शहाणपण कुणाचं ते सांगता येत नाही.

पाडवा आला आणि गेला. त्या दिवशी फोन केला तर आमच्या बुकिंगचा मुलगा नोकरी सोडून गेला होता. दुसरा आला, तो कराडचा, गोड बोलणारा, पावसाळ्यापर्यंत टिकला. तिसरी एक मुलगी होती, ती खरं बोलायची म्हणून आवडायची. "मॅडम, मला पण माहीत नाही," असं सांगायची. नव्या प्रत्येकाला अथपासून सांगायचं, बुकिंग नंबर वाचायचा, आणि पलीकडून कीबोर्डचा आवाज आल्यावर एकच वाक्य : "तुमचं नाव सिस्टीममध्ये आहे." कितवं आहे, हे सिस्टीम सांगत नसे. पांढऱ्या रंगाला वेळ लागतोय, रंग बदलायचा का? बदलला तर नंबर मागे जातो. मधे किंमत तीनदा वाढली. पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू. 2022 च्या 30 जुलैला स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात एक लाख गाड्यांची नोंद झाली, तेव्हा मला चक्क बरं वाटलं. आपल्या मागे रांग असली की आपण पुढे सरकल्यासारखं वाटतं.

खाली पार्किंगमध्ये खडूची गाडी तशीच होती. पावसानं पुसली गेली तशी मी परत आखली. का, ते विचारू नका. दुसऱ्यांदा आखली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं आत चाकं काढली, कुणीतरी स्टिअरिंग काढलं, आणि सुट्टीत मुलं त्यात बसून महाबळेश्वरला जायला लागली. एकदा ऑफिसातून आले तर आत नऊ जण दाटीवाटीनं बसलेले. तिसऱ्या रांगेतला सगळ्यात धाकटा म्हणाला, "काकू, पाय ठेवायला जागाच नाही."

डिसेंबरात, शनिवारी, जेवणं चालू असताना फोन आला. चौथा मुलगा. "मॅडम, एक गाडी आलीय. तुमचंच व्हेरिएंट, तुमचाच कलर. ज्यांची होती त्यांचं लोन अडकलंय. सोमवारी तीनपर्यंत फुल पेमेंट आलं तर अलॉटमेंट तुमच्या नावावर फिरवतो. जानेवारीत परत किंमत वाढणार आहे." जरा थांबून : "फक्त इन्शुरन्स आणि अॅक्सेसरीजचा पॅक आपल्याकडून घ्यावा लागेल." पॅक पंचेचाळीस हजारांचा. त्यात मॅट, दारांच्या पट्ट्या, काचेवरचे पावसाळी छज्जे, आणि एक सुगंधी बाटली. मी विचारलं, माझा नंबर आहे का आता? तो म्हणाला, "तुमच्या आधी सहा जण आहेत मॅडम, पण ते एवढ्यात पेमेंट करतील असं वाटत नाही." त्या सहा जणांना त्यानं विचारलं होतं का, हे मी विचारायला हवं होतं. ज्याचं लोन अडकलं त्याला सांगितलंय का, हेही. मी विचारलं, "सोमवारी तीनला बँक ट्रान्सफर चालेल ना?"

सोमवारी सव्वाअकरालाच पैसे गेले.

इथं मला स्कूटरबद्दल सांगायला हवं. आमच्या घरात रांग हा संस्कार होता, आणि त्याची पोथी म्हणजे अप्पांची चेतक. अप्पा एसटीत, साताऱ्याच्या विभागीय कार्यालयात, हिशेबाच्या खात्यात. मी जन्मले त्या वर्षी, 1976 साली, त्यांनी स्कूटरचा नंबर लावला आणि मी तिसरीत गेले त्या वर्षी स्कूटर आली. आठ वर्षं. त्या काळात काही विशेष नव्हतं ते. कारखान्यानं किती स्कूटर बनवायच्या ते परवान्यावर ठरायचं, आणि बजाजच्या स्कूटरला दहा-दहा वर्षं थांबलेले लोक होते. गॅसला नंबर, फोनला नंबर, स्कूटरला नंबर. "आमचा नंबर लागला" हे वाक्य पोरीचं लग्न ठरल्यासारखं सांगितलं जायचं. ज्याला थांबायचं नसे तो वर पैसे देऊन दुसऱ्याची घ्यायचा; त्याला "ऑन देणं" म्हणत, आणि आमच्या घरात तो शब्द शिवीसारखा उच्चारला जाई. शेजारचे किराणावाले ऑन देऊन स्कूटर घेऊन आले तेव्हा आईनं हळदीकुंकवाला गेली तरी स्कूटरचं कौतुक केलं नाही. सिनेमाच्या खिडकीवर कुणी मधे घुसला की अप्पा त्याच्या खांद्यावर बोट ठेवून फक्त म्हणायचे, "शेपूट तिकडं आहे." दहावीच्या निरोप समारंभात मी भाषण केलं होतं त्यात आमची स्कूटर होती. आठ वर्षं वाट पाहून मिळालेल्या वस्तूला वेगळी चमक असते, असं काहीतरी. टाळ्या पडल्या होत्या.

त्यामुळे गाडी आणायला गेलो त्या दिवशी मी अप्पांना सोबत घेतलं नाही. थंडी आहे, दगदग नको, असं सांगितलं. शोरूममध्ये गाडीवर लाल सॅटीनचं कापड टाकलेलं, स्पीकरवर सनई, नवऱ्याच्या हातात नारळ, आमच्या गळ्यात झेंडूचे हार. केक पण होता, त्यावर माझं नाव, स्पेलिंग चुकीचं. चौथा मुलगा बॉनेटवर फुलांचं तोरण चिकटवत होता आणि कानाला खांदा लावून फोनवर कुणाशी तरी बोलत होता. "नाही सर, तुमची ट्रान्झिटमध्ये आहे. नाही, निघालीय तिथून. पुढच्या महिन्यात शंभर टक्के." एका हातानं तोरणाचं टोक त्यानं काचेला टेकवलं, डिंकाच्या त्या चौकोनाच्या जरा बाजूला. पलीकडचा माणूस कोण होता मला माहीत नाही. रोज पन्नास जणांशी तो हेच बोलत असणार. फोटोत मी हसतेय, चांगली आलेय. फोन ठेवून तो म्हणाला, "मॅडम, सर, किल्ली धरा दोघं मिळून."

आणि खरं सांगायचं तर मजा आली. घरी येताना वारज्याच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये उभी होते आणि सगळ्या गाड्यांची टपं खाली दिसत होती. उंचीचं सुख असतं. पार्किंगमध्ये मुलांनी खडूची गाडी पुसून ठेवली होती, पाणी टाकून. मी बारीक होऊन बाहेर आले. सात माणसं एका गाडीत तुळजापूरला एकदाच गेली, नंतर मुलगा शिकायला नागपूरला गेला, आणि आता तिसरी रांग बहुतेक वेळा पाडलेली असते. तिच्यावर गावाकडून येताना ज्वारीचं पोतं असतं.

तर त्या दिवशी पंपावरून साताऱ्याला पोचायला सात वाजले. अप्पांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला न्यायचं होतं. आई जाऊन चार वर्षं झाली. रात्री आम्ही दोघंच, पिठलं-भाकरी. काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांना कागदाचं सांगितलं. नाव, होल्ड, सहा जण, पंचेचाळीस हजारांचा पॅक, फोनवरचं बोलणं, सगळं. दोन वर्षं जे त्यांच्यापासून लपवलं होतं ते भाकरीचे दोन घास होईपर्यंत सांगून झालं. अप्पा चावत होते. दात कमी, त्यामुळे वेळ लागतो. मग म्हणाले, "आपली चेतक तरी कुठं आपल्या नंबरावर आली होती?"

मी बघत राहिले.

"ऑफिसात एक जण होते. त्यांचा नंबर लागला, पण तेव्हाच पोरीचं लग्न निघालं, पैसे नव्हते. बाराशे वर दिले मी त्यांना. सोसायटीचं कर्ज काढलं. दोन वर्षं गाडी त्यांच्याच नावावर होती, लगेच होत नसायची." मला आठवलं, पत्र्याच्या डब्यात आरसी बुकाबरोबर एक घडी केलेलं पत्र असायचं आणि गावाबाहेर जाताना अप्पा ते खिशात घालायचे. ते पत्र कसलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. भाषणात ते नव्हतं.

"आणि आपला नंबर?"

"तो नंतर आला की. वर्ष-दीड वर्षानं." त्यांनी ठेचा ओढला. "दिला एकाला."

"दिला?"

"पंधराशेला."

पोथी मिटली. तीनशे रुपये नफा. मला हसू यायला लागलं आणि ते थांबेना, आणि अप्पा मात्र हसत नव्हते. त्यांना यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. आईला माहीत होतं का, असं विचारलं तर म्हणाले, "तिनंच सुचवलं." आणि किराणावाल्यांच्या स्कूटरचं? "ते वेगळं. ते दुकानदार होते." यावर मी काय बोलणार. माझा ऑन तर पावतीसकट होता, त्यावर जीएसटीही भरला होता. ताट उचलताना त्यांनी विचारलं, "मग तुझा नंबर त्या माणसाला दिला का?" हा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. दोन वर्षं मी त्याची गाडी घेतली एवढंच घोकत होते. माझा नंबर मागे तसाच पडून राहिला असेल, तो कुणाला तरी गेला असेल, कुणाला आणि कितीला, हे मी पाहिलंच नव्हतं.

सकाळी लवकर निघालो. अप्पा पुढं बसले, पायरीवर चढताना माझा हात धरून. नवी गाडी त्यांना आवडते, पण ते कबूल करत नाहीत. एसीची जाळी उगीच वरखाली करतात. भुईंजच्या पुढे रस्ता वळला आणि ऊन काचेवर आलं. त्यांचा मोतीबिंदू पिकलेला, समोरचा ट्रक धुरकट दिसतो म्हणतात, पण चौकोन त्यांना दिसला. पट्टा ताणून ते पुढं वाकले आणि अंगठ्याच्या नखानं खालचा कोपरा खरवडायला लागले. "रॉकेल लावलं असतंस तर केव्हाच गेलं असतं."

"रॉकेल मिळतं कुठं आता, अप्पा."

ते खरवडत राहिले. डिंकाची बारीक काळी वळवटी होऊन डॅशबोर्डवर पडत होती. खंबाटकीचा बोगदा आला. पिवळ्या दिव्यांत काच नुसती काच झाली, चौकोन गेला, पण अप्पांचा अंगठा जागच्या जागी टेकलेला. बाहेर पडल्यावर ते तीव्र वळण, आणि मग ऊन पुन्हा समोर. तीन कोपरे शिल्लक होते.

"आडनाव काय होतं म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"कोल्हापूरकडचे असणार," अप्पा म्हणाले, आणि दुसऱ्या कोपऱ्याला नख लावलं.